महिन्याची खबरबात

आपल्या वार्षिकांकात दरवर्षी 'आई' या विषयावर कविता येतात. गेल्या वर्षी मीही एक दिली होती आणि ती छापून आली. त्या कवितेतली आई पहाटे उठून जात्यावर दळते, ओव्या गाते आणि लेकराची वाट पाहत उंबऱ्यात उभी राहते. अंक हातात पडल्यावर मी मोठ्या हौसेने मायला फोन लावला आणि कविता वाचून दाखवली. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतली आणि म्हणाली, "चांगलीये. पण ही कुणाची माय?"

मी ओशाळलो. आमच्या घरी जाते आहे, पण ते न्हाणीपाशी पडलेले आहे आणि त्याच्यावर आम्ही कपडे धुतो. माय ज्वारी गिरणीवरून दळून आणते. आणि उंबऱ्यात उभे राहायचे म्हटले, तर वर्षातले पाच महिने तिच्या घराला उंबराच नसतो. माझे आईवडील ऊसतोडणीला जातात. मी कविता लिहिली ती शाळेतल्या पुस्तकातल्या आईवर. माझी माय महिनाभर काय करते, काय खाते, कशाला हसते, हे मला नीट ठाऊकच नव्हते. या लेखात मला तेवढेच सांगायचे आहे. लहान तोंडी मोठा घास वाटला तर प्राध्यापकांनी आणि विद्यार्थिमित्रांनी क्षमा करावी.

ज्यांना ऊसतोडणीची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडे लिहितो. आमचे गाव बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या डोंगरात आहे. जमीन हलकी, पाऊस बेभरवशाचा. दसऱ्याच्या आधी मुकादमाकडून उचल घ्यायची आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास सांगली, कोल्हापूर, सातारा, सोलापूर किंवा थेट कर्नाटकातल्या कारखान्यांकडे जायचे, हा आमच्याकडचा क्रम आहे. नवराबायकोच्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात. दोघांनी मिळून ऊस तोडायचा, साळायचा, मोळ्या बांधायच्या आणि त्या वाहनात भरायच्या. मजुरी टनावर मिळते आणि ती उचलीतून वळती होते. राहायला तळावर कोपी असते. बांबूच्या कामट्या, ताडपत्री आणि उसाचे पाचट एवढ्यात ती उभी राहते. मार्च-एप्रिलमध्ये पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की परत गाव.

या दिवसांत आमचे घर तीन ठिकाणी असते. माय आणि दादा, म्हणजे माझे वडील, फडावर. आजी आणि धाकटी बहीण गावी. आणि मी इथे वसतिगृहात. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. दादा चौथीपर्यंत शिकले. मायला सही येते, वाचता येत नाही.

तीन ठिकाणी असलो तरी आमचा संबंध तुटला होता असे कुणीही म्हणणार नाही. २०१६ नंतर फोनवरचे बोलणे जवळजवळ फुकट झाले आणि आमच्याही घरी दोन फोन आले. पहिल्या वर्षी मला मायचा रोज रात्री फोन यायचा. तो मी शब्दशः देतो.

"जेवलास का रं?"

"जेवलो. तुमी?"

"जेवलो. अभ्यास चाललाय ना?"

"चाललाय. दादा कसे हेत?"

"बरं हेत. ठिवते."

एका मिनिटाच्या आत फोन बंद. असे आम्ही तीन महिने रोज बोललो. माझ्या खोलीतल्या इतर मुलांचेही बोलणे मी ऐकले आहे. त्यांतल्या कुणाच्या घरी शेती आहे, कुणाच्या वडिलांचे दुकान आहे, पण बोलणे सर्वांचे हेच. रोज बोलतो म्हणून सगळे माहीत आहे, असे प्रत्येकाला वाटते.

मलाही तसेच वाटत होते. त्या वर्षी जानेवारीत चार दिवस सुटी मिळाली म्हणून मी गावी गेलो. दुपारी एक वाजता पोचलो तर बहीण चुलीपुढे. ती तेव्हा आठवीत होती. "शाळा नाही का?" म्हणून विचारले, तर ती काही बोलेना. मग आजीने सांगितले. नोव्हेंबरात आजी पाय घसरून पडली होती आणि तिला उठबस करता येत नव्हती. पाणी, स्वयंपाक, शेळी आणि आजीचे सगळे बहिणीवर आले होते. दीड महिना ती शाळेत गेली नव्हती. शाळेतले गुरुजी दोनदा घरी येऊन गेले होते. आणि एका पाहुण्यांनी 'पोरगी घरीच आहे तर' म्हणून एक स्थळही सुचवले होते. माझी बहीण तेव्हा चौदा वर्षांची होती.

माय-दादांना हे ठाऊक होते. मला सांगितले नव्हते, कारण माझी परीक्षा होती. मी रागावलो. रात्री मायला फोन केला आणि तोंडाला येईल ते बोललो. ती एवढेच म्हणाली, "तुला सांगून तू काय केलं असतं? पेपर सोडून आला असता." मग जरा थांबून तिने विचारले, "तू तरी सांगितो का समदं?"

त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. पहिल्या सत्रात मी इंग्रजीत नापास झालो होतो आणि ते घरी सांगितले नव्हते. मेसचे दोन्ही वेळचे पैसे परवडत नाहीत म्हणून मी फक्त दुपारची मेस लावली होती. रात्री कधी वडापाव, कधी शेंगदाणे-गूळ. तरीही रोज रात्री "जेवलो" म्हणत होतो. तिकडे त्यांनी माझ्यासाठी लपवले, इकडे मी त्यांच्यासाठी लपवले. दोन्हीकडे माया होती हे खरे, पण त्या मायेपायी माझ्या बहिणीची शाळा सुटत होती.

पुढचे थोडक्यात सांगतो. मी बहिणीला घेऊन शाळेत गेलो. गुरुजींनी तिचे नाव कमी केले नव्हते. धाकटी मावशी महिनाभर आजीपाशी राहायला आली. स्थळाचा विषय दादांनी फोनवरूनच बंद केला. बहीण आज नववीत आहे.

इथे कुणी म्हणेल, हा सगळा फोनचा दोष. पूर्वी पत्रे होती तेव्हा माणसे मन मोकळे करीत. मलाही आधी तसेच वाटले. आपल्याकडे पोस्टकार्ड १ जुलै १८७९ रोजी सुरू झाले. आमच्या आजीच्या पत्र्याच्या पेटीत आजोबांची काही कार्डे आहेत. आजोबाही ऊसतोडणीला जात, तेव्हा बैलगाडी घेऊन. टोळीतला कुणी लिहिता माणूस कार्ड लिही आणि गावात ते शाळामास्तर वाचून दाखवीत. मी ती सगळी वाचली. प्रत्येक कार्डाची सुरुवात 'पत्रास कारण की' आणि शेवट 'इकडील सर्व खुशाल आहे, तिकडील खुशाली कळवावी' असाच. त्यांतले एक कार्ड हातात घेऊन आजी म्हणाली, "ह्याच साली त्यांच्या पायावरून गाडीचं चाक गेलं होतं." कार्डात त्याचा एक शब्द नाही. खुशालीचे दोन शब्द लिहिले की पत्र पुरे झाले, ही सवय जुनीच आहे. आपण तिला फोनवर आणले एवढेच.

त्या सुटीत आम्ही चौघांनी मिळून एक ठरवले. रोजचा फोन राहू द्यायचा, पण महिन्याच्या पहिल्या रविवारी रात्री अर्धा-पाऊण तास सगळ्यांनी एकदम बोलायचे. मायने त्याला नाव दिले 'महिन्याची खबरबात'. नियम तीनच आहेत. घर, खाणे आणि करमणूक या तिन्हींबद्दल प्रत्येकाने काहीतरी सांगायचे. 'बरंय' हा शब्द चालणार नाही, घडलेली गोष्ट सांगायची. आणि वाईट बातमी असेल तर ती आधी सांगायची. मी ते सगळे एका वहीत लिहून ठेवतो. गावाकडून बहीण आपले लिहून आणते आणि वाचते. पत्रच लिहावे असेही मनात आले होते, पण फडाला पत्ता नसतो. १५ ऑगस्ट १९७२ पासून देशभर चालू असलेली पिनकोडची योजना श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी माणसाने तयार केली, हे सामान्यज्ञानाच्या पुस्तकात मी पाठ केले आहे. पण माझ्या आईवडिलांचा तळ दर काही दिवसांनी हलतो आणि त्याला पिनकोड नाही.

पहिल्या रविवारी कुणाला काही सुचेना. दादा म्हणाले, "काय सांगायचं, ऊस तोडायचा अन् झोपायचं." मग मी विचारले, "उठता किती वाजता?" आणि तिथून बोलणे सुरू झाले. तेव्हापासून या वर्षीच्या फेब्रुवारीपर्यंतच्या वहीतले काही देतो.

खाणे. माय पहाटे तीनला उठते. थंडीत चूल पेटत नाही म्हणून आदल्या रात्रीच पाचट कोरडे पाहून कोपीत ओढून ठेवते. दोघांच्या दोन वेळच्या दहा भाकरी एकदमच थापते. बरोबर तिखट, कांदा, कधी पिठले. फडात पाणी लांब असेल तर डाळ शिजवण्याच्या भानगडीत पडत नाही. भाजी फक्त आठवडी बाजार जवळ असेल तेव्हा. ऊस गोड, पण तोडणाराला तो खावासा वाटत नाही, असे दादा म्हणतात. संक्रांतीला मायने तीळ भाजून गुळात कालवले आणि शेजारच्या चार कोप्यांत वाटले. गावी आजीने बहिणीला येसर करायला शिकवला. पहिल्या वेळी धने जास्त भाजले गेले आणि आमटी कडू झाली. ती दोघींनी तशीच खाल्ली. मी माझ्या मेसच्या आमटीचे वर्णन केले तेव्हा दादा म्हणाले, "आमच्या कोपीत ये, निदान डाळ दिसंल तरी." आणि मी रात्री जेवत नव्हतो हेही मी त्याच वहीतून वाचून दाखवले. माय बराच वेळ गप्प होती. दुसऱ्या दिवसापासून मी संध्याकाळची मेस लावली. पैशासाठी रविवारी एका झेरॉक्सच्या दुकानात काम धरले.

घर. कोपीत उजेड नसतो. फोन ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चार्ज करतात. त्यामुळे ट्रॅक्टर कारखान्यावर अडकला की त्या दिवशी मायचा फोन बंद, हे मला वर्षभर माहीत नव्हते. मी उगीच रुसत असे. वाढे विकून आलेले पैसे माय वेगळे ठेवते. त्यांतून बहिणीची वह्या-पुस्तके येतात. गावच्या घराचा पत्रा एका कोपऱ्यात उडाला आहे. पट्टा पडल्यावर आधी पत्रा की आधी आजीचा डॉक्टर, यावर एका रविवारी आमची बरीच चर्चा झाली. आजी म्हणाली पत्रा, बाकी सगळे म्हणाले डॉक्टर.

करमणूक. मला वाटत होते की तळावर करमणूक कसली? पण दादा रात्री फोनवर कीर्तन लावतात आणि चार कोप्यांतली माणसे शेकोटीभोवती बसून ऐकतात. त्यांच्या लहानपणी तळावर सोंगी भारूड करणारा एक माणूस होता. त्याची नक्कल दादांनी फोनवर करून दाखवली. माझ्या उभ्या आयुष्यात मी त्यांना असे काही करताना पाहिले नव्हते. मायला मालिकेतल्या सासवांचा भारी राग. "इतके दागिने घालून ही बाई कधी भांडी घासती?" असे तिने विचारले. युवक महोत्सवातल्या आमच्या एकांकिकेत मी पोलीस झालो होतो आणि माझी टोपी पडली, हे तिला मी तीन वेळा सांगितले आहे. चौथ्यांदा सांगायची फर्माईश आहे.

यात काय मोठे, असे कुणी विचारील. मी माझे मत सांगतो. आम्हा पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्यांची एक अडचण आहे. आम्ही कॉलेजात घर लपवतो आणि घरी कॉलेज लपवतो. प्रवेशाच्या दिवशी एका सरांनी वडिलांचा व्यवसाय विचारला तेव्हा मी 'शेती' म्हणालो. दीड एकर कोरडवाहू आहे, म्हणून ते खोटेही नव्हते. पण खरेही नव्हते. घरी मी 'कॉलेज एक नंबर चाललंय' म्हणतो, कारण तिथे नापास होण्याचे नाव काढण्याची लाज वाटते. अशी तीन वर्षे काढली, तर पदवी हातात येईपर्यंत आपण दोन्हीकडे पाहुणे होऊन बसू. शिकलेली मुले घरापासून तुटतात असे म्हातारी माणसे म्हणतात. माझ्या मते ती पुस्तकांनी तुटत नाहीत. भाकरी किती, पाणी किती लांब, उसने कुणाचे घेतले, हे विचारणे बंद झाले की तुटतात.

माझ्या खोलीतल्या एका मित्राने यावर आक्षेप घेतला. तो म्हणाला, "कळून तरी काय करणार? इथे बसून नुसता जीव जळतो." त्याचे म्हणणे मला खोडून काढता येत नाही. याच महिन्याच्या पहिल्या रविवारी मायने आधी वाईट बातमी सांगितली. मोळी डोक्यावर घेताना तिच्या कमरेत उसण भरली आणि तरी ती कामावर जाते आहे, कारण एक माणूस बसला की कोयता अर्धा होतो. मला त्या दिवशी काहीही करता आले नाही. दोन दिवस पुस्तकात मन लागले नाही. हे या खबरबातीचे मोल आहे आणि ते मी नाकारीत नाही. पण न कळण्याचे मोल काय असते, ते मी बहिणीच्या बाबतीत पाहिले आहे. शिवाय तेव्हापासून मोळी वाहनात चढवण्याचे काम दादा करतात आणि माय खाली बांधण्याचे करते. हे त्यांनी त्या रात्री सगळ्यांसमोर कबूल केले. नुसते दोघेच असते तर केले नसते, असे माय म्हणते.

दुसरा मुद्दा आपल्या अभ्यासाचा आहे. जानेवारी २०२४ मध्ये ऊसतोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली, ही बातमी वर्तमानपत्रात आली. ती महत्त्वाची आहे. पण ती वाढ कोपीत पोचल्यावर तिचे काय झाले, ती उचलीत गेली की तेलाच्या पिशवीत, हे वर्तमानपत्रात येत नाही. ते फक्त मायला माहीत असते. अर्थशास्त्राच्या तासाला कौटुंबिक खर्चाचे तक्ते शिकताना मी मायचा महिना त्यांत घालून पाहिला, तेव्हा मला तो तास प्रथमच समजला.

आणि मराठीच्या तासाला ज्या पुस्तकांची आपण आदराने नावे घेतो, ती तरी कशाची बनलेली आहेत? लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'त वडिलांचे सोवळे आहे, संसारातली ओढाताण आहे, फजिती आहे. दया पवारांचे 'बलुतं' १९७८ साली आले. त्यात माणसे कुठे राहत, काय खात, हे आहे. बेबी कांबळे फलटणला दुकान चालवीत, गिऱ्हाईक नसेल तेव्हा लिहीत आणि वह्या घरच्यांपासून लपवून ठेवीत. त्या लिखाणाचे 'जिणं आमुचं' हे पुस्तक १९८६ साली निघाले. या माणसांनी आपल्या घरातले लिहायला लाज धरली असती, तर आज आपण काय वाचले असते? मी त्यांच्या पंक्तीला बसू पाहतो असे कृपया समजू नये. मी एवढेच म्हणतो की आपल्या घरातले रोजचे जगणे लिहिण्याजोगे आहे आणि ते आपण लिहिले नाही तर दुसरे कुणी लिहिणार नाही.

म्हणून माझ्या दोन सूचना आहेत. पहिली विद्यार्थिमित्रांना. तुमचे आईवडील कुठेही असोत, फडावर, मुंबईत रखवालदारीला, की याच शहरात शिवणयंत्रावर, महिन्यातून एकदा त्यांच्याशी बसून बोला. 'कसे आहात' असे विचारू नका. आज काय शिजले, कुणी शिजवले, पैसे पुरले का, कशाला हसलात, असे विचारा. आणि आपलेही खरे सांगा. नापास झालो तेही सांगा. मी सांगितले तेव्हा दादा म्हणाले, "मग पुन्हा बस. ऊस एका घावात तुटत नाही." एवढ्यासाठी मी चार महिने भीत होतो. पुन्हा बसलो आणि पास झालो.

दुसरी सूचना संपादक मंडळाला आणि मराठी विभागाला. पुढच्या अंकात आईवरच्या कविता जरूर असाव्यात. पण चार-सहा पाने 'घरचा एक महिना' अशी ठेवावीत. विद्यार्थ्याने आपल्या घरातल्या माणसाला विचारून, त्याच्याच शब्दांत, एका महिन्याचे खाणे, घर आणि करमणूक लिहून द्यावी. ज्याला नाव द्यायचे नसेल त्याने देऊ नये. आपल्या कॉलेजात किती प्रकारच्या चुली आहेत, ते त्यावरून आपल्यालाच कळेल, आणि प्राध्यापकांनाही आपल्यापुढे कोण बसले आहे ते कळेल.

हा लेख संपादकांकडे देण्यापूर्वी मी तो मायला फोनवर पूर्ण वाचून दाखवला. तिने दोन दुरुस्त्या सांगितल्या. मी आठ भाकरी लिहिल्या होत्या, त्या दहा आहेत. आणि संक्रांतीचा तीळगूळ चार कोप्यांत वाटला हे खरे, पण त्यातला गूळ शेजारणीने दिला होता, तेही लिही म्हणाली. पहिली दुरुस्ती वर केली आहे. दुसरी इथे करीत आहे.

— द्वितीय वर्ष, कला